हवल्लीतला बर्फ

१

आमच्या घरी दुपारी दोन कप चहा होतो. यूसुफ ते बघून माझं डोकं खातो. "जगूदादा, एकटा मानूस तू, दोन कप कुनासाठी?" मी म्हणतो, तुला पाहिजे तर तिसरा करतो, चौकशा करू नको. यूसुफ बाणकोटचा, मी श्रीवर्धनचा, मधे काय ती सावित्रीची खाडी. पूर्वी तो इथेच, कुवेतच्या हवल्लीत, माझ्या खालच्या मजल्यावर राहायचा. आता बनेद अल-गारला गेलाय, तरी शुक्रवारी येतो.

टेबलावरच्या कपाचा कान डाव्या बाजूला असतो. मी उजव्या हाताचा माणूस, मला तो वळवून घ्यावा लागतो. वळवतो आणि पितो. एवढ्यातेवढ्याला कुरकुर करायची नाही असं ठरवलंय. बाकी सगळ्याला करतो.

इमारत पाडायची आहे. मालकाने सांगितलंय, थंडीच्या आत खाली करा. बाकीची बिऱ्हाडं गेली, जिन्यात आता दिवेसुद्धा लावत नाहीत. मिसरी हारिस, म्हणजे आमचा रखवालदार, रोज दार वाजवतो आणि "खलास, बाबा, खलास" करतो. मुलगी रेखा मला न्यायला मुंबईहून आली होती. ती रडून, ओरडून, मला "इम्पॉसिबल" म्हणून परत गेली. इंग्लिश शाळेत घातलं त्याचं हे फळ, शिव्यासुद्धा इंग्रजीत ऐकायच्या.

म्हातारा चळला म्हणतात. म्हणू देत. मी जागा का सोडत नव्हतो ते एकदा सांगून टाकतो. मी सातवी नापास, एसी दुरुस्त करणारा माणूस. शुद्धलेखन बघायचं असेल तर दुसरं काहीतरी वाचा.

२

चौऱ्याहत्तर साली आम्ही या फ्लॅटमध्ये आलो. माझी बायको प्रेमा सरकारी इस्पितळात स्टाफ नर्स. खरं तर व्हिसा आधी तिला मिळाला, मी मागाहून तिच्या पदराला धरून आलो. हे मी तेव्हा कुणाला सांगायचो नाही. आता सांगतो.

आधी इथे एक लेबनानी कुटुंब होतं. जाताना त्यांनी सगळं नेलं, हॉलची भिंत तेवढी राहिली. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, छतापासून फरशीपर्यंत एकच चित्र, कागदाचं, पट्ट्या जोडून चिकटवलेलं. त्या वेळी कुवेतमध्ये ही फॅशन होती. बाहेर वाळू, धूळ, खारं वारं, आणि घरात ज्याच्या त्याच्या भिंतीवर युरोपचे डोंगर.

वर तीन सुळके. मधला सगळ्यात उंच, त्याचा शेंडा डावीकडे कललेला, बसल्या जागी झोपलेला माणूस मान टाकतो तसा. सुळक्यांच्या मधून बर्फ खाली उतरलेला, रुंद, वळण घेत, एखाद्या हायवेसारखा, आणि त्याच्या मधोमध एक काळी पट्टी. बर्फ संपतो तिथे दगडगोट्यांचा ढीग. मग तळं. पाणी निळं नाही, तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं, थोडी हिरवी झाक. तळ्याच्या उजव्या अंगाला लाकडी झोपडं, त्याला लाल खिडक्या. तिथून पायवाट निघायची ती दगडांतून वळत खाली येऊन आमच्या सोफ्याच्या मागे जायची.

माणूस मात्र चित्रात एकही नव्हतं. हे ध्यानात ठेवा.

प्रेमाला त्या भिंतीने वेडंच केलं. शुक्रवारी मला सुट्टी. तिची ड्यूटी नसली की ती सकाळीच विचारायची, "अहो, आज कुठवर जायचं?" मग फरशीवर सतरंजी. डब्यात चिवडा, थर्मासात चहा, इराण्याच्या तंदूरचा गरम खुबूस, म्हणजे इथली रोटी. रेखा तेव्हा लहान, उशीवर बसून फरशीवरून घसरायची आणि "बर्फ! बर्फ!" करायची. प्रेमा बोटाने वाट दाखवायची. इथून झोपडी, झोपडीत रात्र काढायची, पहाटे उठून बर्फावर. "तुम्ही दमलात तर इथे बसा दगडावर, मी वर जाऊन येते."

मी म्हणायचो, "मी खालीच बरा. माझे गुडघे बघ."

"तुमचं काय, तुम्ही वर जाऊन डोंगराचा कॉम्प्रेसर उघडून बसाल."

अशी हसायची की खालून यूसुफ छताला काठी आपटायचा. तो आवाज मला अजून कधीमधी ऐकू यावासा वाटतो. काठीचासुद्धा.

३

या भिंतीचा आमच्या लोकांनी आणखी एक उपयोग केला. यूसुफकडे कॅमेरा होता. शुक्रवारी दुपारी कोकणातली पोरं आमच्याकडे यायची, भिंतीपुढे उभी राहायची आणि फोटो काढून गावाला पाठवायची. आम्ही कंपनीतर्फे स्वित्झर्लंडला फिरून आलो म्हणून! बाहेर डांबर वितळतंय, आणि आत एसी फुल्ल सोडून कानटोपी, मफलर घातलेली माणसं घामाने निथळतायत. यूसुफ ओरडायचा, "हस की रे मेल्या! फोटो हाय, पोलिसात देवाचा नाय!"

स्वेटर एकच होता. लाल. प्रेमाने नाइट ड्यूटीत विणलेला. शेवटी शेवटी लाल लोकर संपली, तशी लोकर इथल्या दुकानात मिळेना, म्हणून डाव्या बाहीच्या मनगटावर तिने हिरवी पट्टी विणली. ज्याचा फोटो, त्याच्या अंगात तो स्वेटर. एकदा यूसुफच्या आईने निरोप धाडला: तुम्ही सगळे एवढं कमावता आणि पाच जणांत मिळून एक स्वेटर? आम्ही आठवडाभर हसत होतो.

प्रेमा मला म्हणाली, "तुमच्या मापाचा एक करते."

"या भट्टीत? कशाला?"

"वर जायला."

"तू विण, मी मेल्यावर घाल."

असं मी बोलायचो. माझ्या तोंडाला कुलूप नाही.

अठ्ठ्याहत्तर सालच्या जूनमध्ये यूसुफने प्रेमाचा एकटीचा फोटो काढला. स्टुडिओतून धुऊन आला तो बघत बसलो होतो. प्रेमा लाल स्वेटरमध्ये, मागे बर्फ, आणि तिच्या तोंडापुढे वाफ. थंडीत बोलताना येते तशी.

यूसुफ म्हणाला, "कागदावर डाग पडलाय."

त्या दिवशी माझा एसी बंद होता. पंख्याची मोटर जळाली होती आणि दुसऱ्यांचे एसी करता करता घरचा राहिला होता. प्रेमाच्या कपाळावर घाम होता, मी स्वतः बघितला होता. थंडी हा माझा धंदा आहे. गॅस फिरल्याशिवाय, कॉईल गार झाल्याशिवाय खोलीत थंडी होत नाही. म्हणून मी पण म्हटलं, कागदावर डाग पडलाय.

४

त्याच वर्षी प्रेमाच्या इस्पितळातले डॉक्टर गुरुप्रसाद जेवायला आले. पुण्याचा माणूस, हुशार, फार बोलणारा. ते खरोखर तिकडे जाऊन आले होते. भिंत बघून ताटावरून उठले.

"वहिनी, हाच डोंगर! इथेच गेलो होतो मी!" मग जरा थांबून म्हणाले, "पण हे उलटं आहे."

"उलटं म्हणजे?" मी विचारलं.

"आरशात बघितल्यासारखं. त्याचा शेंडा उजवीकडे कललाय. आणि झोपडी तळ्याच्या डाव्या हाताला आहे, मी राहिलोय तिथे. छापताना फिल्म उलटी लागली असणार, जगन्नाथराव."

मला राग आला. एवढी वर्षं आम्ही फिरायला जातोय तिथे, आणि हा म्हणतो उलटं! पण प्रेमाने त्यांना सोडलं नाही. रात्रीच्या ड्यूटीला उशीर झाला तरी विचारत राहिली. डॉक्टरांनी सगळं सांगितलं. तो बर्फ म्हणजे नदीच आहे. डोळ्याला दिसत नाही, पण वाहते, दिवसाला वीतभर. काळी पट्टी म्हणजे कड्यावरून पडलेले दगड, बर्फ त्यांना पाठीवर घेऊन खाली आणतो. तळ्याचं पाणी पांढुरकं का, तर बर्फाखाली दगडाचं पीठ होतं. माणसं कमरेला दोर बांधून चालतात, कारण वरून सपाट दिसतं आणि खाली भेग असते, घरं गिळेल एवढी. दुपारी ऊन चढलं की बर्फ आतून तडकतो, मोठ्याने. "बर्फ बोलतो म्हणतात तिकडे."

"आणि कुणी भेगेत पडलं तर?" प्रेमाने विचारलं.

"सापडत नाही. पण नदी त्याला घेऊन चालतच असते. वर्षं जातात, आणि एक दिवस पायथ्याशी बाहेर निघतो. जसा पडला तसा. माझ्या वाटाड्याने सांगितलं, एका गावात म्हातारी झालेली बायको बघायला आली, आणि नवरा पंचवीस वर्षांचा तरणाताठा."

प्रेमा माझ्याकडे बघून हसली. "मी पडले तर तुम्ही याल का हो पायथ्याशी?"

"येईन की."

"म्हातारे झाला असाल."

"गुडघे धरून येईन. पण येईन."

"शब्द?"

"शब्द." असं म्हणून मी माशाचा काटा तोंडातून काढला. झुबैदीचं कालवण होतं. चेष्टेत दिलेला शब्द. डॉक्टर पण हसले.

५

पुढच्या हिवाळ्यात प्रेमाला थंडी वाजायला लागली. आधी हसण्यावारी नेली. मग रक्त तपासलं. जिथे ती दुसऱ्यांची सेवा करायची त्याच वॉर्डात तिला ठेवली. तिच्या मैत्रिणी, मल्याळी नर्सेस, येऊन जाऊन पांघरुणं घालायच्या. "अहो, थंडी वाजते." मी खुर्चीवर चढून वॉर्डातल्या एसीचं तोंड टॉवेलने बंद केलं. मेट्रन रागावली, मग तिनेही बघून न बघितल्यासारखं केलं. जन्मभर लोकांना गारवा विकला, तिला ऊब देता आली नाही.

शेवटच्या दिवशी शुद्ध होती. म्हणाली, "भिंत कुणाला देऊ नका."

गेली. एकोणऐंशी साली, मार्चमध्ये.

इथे आपल्या माणसाला अग्नी देता येत नाही, पेटी गावी न्यावी लागते. सवाष्ण म्हणून हिरवं पातळ नेसवलं. त्यावर मी तो लाल स्वेटर घातला. मल्याळी पोरी रडत होत्या, त्यांनीच हात धरून बाह्या चढवल्या. हिरवी पट्टी डाव्या मनगटावर नीट खाली ओढली ती मीच. श्रीवर्धनला समुद्राच्या काठी अग्नी दिला. लोकर जळाली की वास येतो, केस जळल्यासारखा. तो वास मला आला. म्हणजे स्वेटर जळला. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

रेखाला मुंबईला माझ्या बहिणीकडे शाळेत घातलं आणि मी परत आलो. दार उघडलं, बॅग ठेवली, सोफ्यावर बसलो. भिंतीकडे बघितलं.

मधल्या सुळक्याखाली, बर्फ सुरू होतो तिथे, एक लाल ठिपका होता.

६

पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी पान खाऊन शिंकलंय. ओलं फडकं फिरवलं. नखाने खरवडलं. नखाला काही लागेना. यूसुफला बोलावलं. तो चष्मा लावून, स्टुलावर चढून बघून आला.

"कायतरी हाय. छापील हाय."

"आधी होतं?"

"आता भिंतीवर काय काय होता ता मी कशाला ध्यानात ठेवू? जेवलास काय तू?"

बरोबर आहे. मला पण वाटलं, आधीपासून असेल. माणूस घर रिकामं झालं की भिंती बघायला लागतो. मी ठिपक्याच्या खालच्या कडेला पेन्सिलने बारीक रेघ मारली आणि कामाला लागलो.

पुढच्या उन्हाळ्यात ठिपका रेघेच्या खाली होता.

कागद ताणतो, म्हटलं. इथली हवा अशी, पेस्ट सुटते, कागद खाली ओघळतो. पण मग सुळकेही ओघळायला हवेत. ते होते तिथेच होते. मी पुन्हा रेघ मारली. तीही ओलांडली. दुपारी एक ते चार इथे सगळं बंद असतं, रस्त्यावर कुत्रं नसतं. मी सोफ्यावर आडवा पडायचो आणि भिंतीतून आवाज यायचा. कडाड्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, जरा खालून. पेस्ट वाळतेय, म्हणायचो. एवढी वर्षं कुठली पेस्ट वाळते?

मधे दोन हिवाळे ठिपका दिसेनासा झाला. तिथे बर्फात निळी भेग होती. मी आयुष्यात कधी देवाला हात जोडले नाहीत एवढे त्या दिवसांत जोडले. यूसुफने मला डॉक्टरकडे नेलं, त्याने झोपेच्या गोळ्या दिल्या, त्या मी मोरीत टाकल्या. मग एका शुक्रवारी ठिपका भेगेच्या खालच्या अंगाला पुन्हा वर आला. मी एकटाच होतो, तरी उठून चहा केला, बिस्किटं काढली.

आता तो ठिपका राहिला नव्हता. तांदळाच्या दाण्याएवढा झाला. उभा दाणा. लाल, आणि एका बाजूला हिरवं टोक. मी भिंगातून बघितलं. पाठमोरी आहे की तोंड इकडे आहे, ते काही केल्या कळेना.

खुशी होती मला. खोटं कशाला बोलू? भीती पण होती. वर्षं सरली तसं हॉलमध्ये गार वाटायला लागलं. एसी मी काढूनच टाकला होता, त्या जागी पत्रा मारला होता. तरी ऑगस्टमध्ये मी हॉलमध्ये शाल घेऊन बसायचो.

७

या वर्षी इमारतीला नोटीस लागली आणि रेखा आली. बँकेत आहे आता. आल्या आल्या म्हणाली, "पप्पा, किती थंड आहे इथे! एसी कुठे लपवलाय?" मी पत्रा दाखवला. तिने पत्र्याला हात लावला, गरम होता, झटकन काढला.

दोन दिवस तिने माझं सामान बांधलं आणि मी सोडलं. ती मराठीत सुरू करायची आणि इंग्रजीत संपवायची. "तुमची तब्येत, तुमचं वय, अँड फॉर व्हॉट? एका वॉलपेपरसाठी?"

"आईला शब्द दिलाय."

"आई नाहीये, पप्पा!" आणि मग रडली. मला पण वाईट वाटलं. एकुलती एक पोर आहे. मी म्हटलं, येतो. खरंच म्हटलं. दमलो होतो मी.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती निरोप घेतल्यासारखी भिंतीपुढे उभी राहिली. लहानपणी घसरायची तिथे. वरून खाली बघत आली आणि झोपडीशी थांबली.

"हे तुम्ही काढलंय?"

"काय?"

"डोन्ट डू धिस. हे. आईचा स्वेटर."

झोपडीच्या दाराशी, करंगळीच्या पेराएवढी. मला साधी फुलीसुद्धा धड काढता येत नाही, हे रेखाला माहीत आहे. शाळेत तिचे नकाशे प्रेमाच काढून द्यायची. रेखाने माझ्याकडे बघितलं आणि मग तिचं डोकं फिरलं. वाकून तिने कागदाची खालची कड पकडली आणि ओढली. मी ओरडलो. शिवण फाटून वीतभर पट्टी तिच्या हातात आली. मागे भिंतीवर पांढरं पांढरं होतं, भुरभुरीत.

"लोणा धरलाय," मी म्हटलं. "खारी हवा."

रेखाने बोट लावलं. मग बोट डोळ्यांपुढे धरून बघत राहिली. बोटावरून पाणी ओघळत मनगटापर्यंत आलं.

"पप्पा, आत्ता चला. आत्ता. पासपोर्ट घ्या फक्त."

मी सोफ्यावर बसलो. पाय उचलेनात असं नाही. बसलो. झोपडीपासून इथवर किती वाट ती! इतकी वर्षं चालून ती येणार आणि सोफा रिकामा?

"तू जा," म्हटलं. "तुझी आई पोचली की येतो."

ती यूसुफकडे गेली. तिथून विमानतळावर. यूसुफ सांगत होता, गाडीत सारखं ते एक बोट पुसत होती.

८

तिचं विमान दुपारी होतं. मी घड्याळाकडे बघत बसलो होतो. खाली हारिसचा रेडिओ चालू होता, उन्हात पत्रा तडतडत होता. बराच वेळ भिंतीतून काही आवाज आला नव्हता, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. मी वळून बघितलं.

झोपडीचं दार उघडं होतं. दाराशी कुणी नव्हतं. बर्फावर नाही, दगडांत नाही, पायवाटेवर नाही. चित्र पहिल्यासारखं, एकही माणूस नाही.

मी सोफा पुढे ओढला. मागे फरशी ओली होती. तिथून ओलं स्वयंपाकघराकडे गेलं होतं.

स्वयंपाकघरात गॅस पेटल्याचा आवाज झाला. पातेलं ठेवलं. कपबशी काढली. चहाचा डबा, साखरेचा डबा, चमचा, सगळं ज्या क्रमाने प्रेमा करायची त्याच क्रमाने. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. दहा वर्षं झाली असतील, कुणी माझ्यासाठी चहा टाकला नव्हता. मला उठून पळत आत जायचं होतं. "प्रेमा," म्हटलं. आत चमचा थांबला.

मग दाराच्या चौकटीवर हात आला. तेवढाच. कातडी तरणी, निळसर. लाल बाही, लोकरीत बारीक बर्फ अडकलेला. मनगटावर हिरवी पट्टी. माझा जीव भांड्यात पडला.

आणि मग मी अंगठा बघितला. तो उजवा हात होता.

मी तो हात खूप वेळ बघत होतो. पट्टी मी स्वतः खाली ओढली होती, डाव्या मनगटावर. डॉक्टर गुरुप्रसादांचं बोलणं आठवलं. शेंडा उजवीकडे हवा. झोपडी डावीकडे हवी. म्हणजे त्या वाटेने जे कोणी खाली उतरेल ते...

मी पुढचा विचार केला नाही. सातवी नापास माणसाने किती विचार करायचा? दार तीन पावलांवर होतं. पासपोर्ट खिशात होता, रेखानेच घातला होता.

मी सोफ्यावर थोडा सरकलो. शेजारी जागा केली.

९

आता दुपारी दोन कप होतात. कान डावीकडे असतो. मी तोंडाकडे बघत नाही, अजून तरी नाही. समोर भिंतीकडे बघतो, शेजारची गादी दबलेली असते, आणि गार असते. डाव्या कानाजवळ सुया वाजतात, टिक, टिक, टिक. लोकर कुठून आली, ते विचारलं नाही. रंग लाल आहे, एवढं डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतं. माप मोठं आहे. प्रेमाच्या अंगाचं नाही, माझ्या अंगाचं.

यूसुफ गेल्या शुक्रवारी आला तो दारातूनच परत गेला. म्हणाला, "जगूदादा, तुझ्या तोंडातून वाफ येते." मी म्हटलं, चहा गरम आहे.

सकाळी हारिस आला. आज भांडला नाही, बिचारा विनवत होता. थंडीच्या आत, बाबा, थंडीच्या आत. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, काळजी करू नको, त्याच्या आत जागा मोकळी होईल.

पाठ झाली, पोट झालं. एकच बाही राहिली आहे.